निवृत्तिवेतन : दान नव्हे, हक्क

दान देणे हे पुण्यकर्म होय. परंतु एखाद्याच्या कष्टाचे मोल त्यालाच दान म्हणून देणे हा न्याय नव्हे. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा आहे, हा समज सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात खोडून काढला. ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना सुधारित सूत्राचा लाभ नाकारला गेला होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने हा भेद रद्द केला आणि निवृत्तिवेतन हा पूर्वसेवेतून मिळविलेला हक्क आहे, असे ठरविले.

तथापि हे तत्त्व सर्वच वृद्धांच्या पदरी पडलेले नाही. साखर कारखाने, सहकारी संस्था, एस. टी. यांत राबलेल्यांसाठी १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्यापैकी वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम तीत जमा होते. म्हणजे पैसा घामाचाच. सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये झाले. पुढील दहा वर्षांत औषधे महागली, ही रक्कम मात्र तेवढीच राहिली. तिला महागाई भत्त्याची जोडच नाही. किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मिळावा, यासाठी बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत वृद्धांनी धरणे धरले.

हा भार त्यांनी एकट्याने का वाहावा? घरातील तरुणांनी त्यांचा हयातीचा दाखला वेळेवर भरावा, खासदारांकडे जाणाऱ्या निवेदनावर आपलीही स्वाक्षरी करावी. वडीलधाऱ्यांचा मान चरणस्पर्शाइतकाच त्यांच्या हक्काच्या रक्षणातही आहे.