लागला होता की नव्हता?

आमच्या घराण्यात माणसं दोनच प्रकारची. एक अमरावतीची आणि दुसरी अकोल्याची. बाबांकडचे सगळे अमरावतीचे, आईकडचे सगळे अकोल्याचे. मध्ये जेमतेम शंभर किलोमीटर. बोली तीच, कापूस तोच, तूर तीच, आणि उन्हाळा तर विचारूच नका. तरी लग्नकार्यात एका सतरंजीवर बसले की अर्ध्या तासात सुरू! विभागीय आयुक्त आमच्याकडे बसतात, तर कृषी विद्यापीठ त्यांच्याकडे. (ते विद्यापीठ ज्यांच्या नावाचं, ते पंजाबराव देशमुख मात्र पापळचे, म्हणजे अमरावती जिल्ह्यातले. हे वाक्य बाबा दर वेळी टाकायचे आणि दर वेळी मामांचा चहा निवायचा.)

हे झालं गमतीतलं. गमतीतलं नसलेलंही एक भांडण आमच्याकडे आहे आणि ते कबड्डीचं आहे. नातेवाइकांपैकी बहुतेकांना अर्धवट माहीत आहे, प्रत्येकाला वेगवेगळा अर्धा. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमरावतीच्या माणसाला कबड्डीबद्दल बोलायला लावलं की तो आधी हव्याप्र मंडळापासून सुरुवात करतो. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना 1914. या मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवले, त्यात कबड्डी होती. बाबांनी मंडळात उन्हाळी वर्ग केलेला, त्यामुळे बर्लिनला स्वतःच जाऊन आल्यासारखे सांगायचे. जन्म 1942 चा, पण असो.

बाबा शाळेत पीटीचे मास्तर. जुन्या खेळाचे सगळे प्रकार त्यांना तोंडपाठ. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो, गामिनीत गेला तो गेला, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर, आणि अमरमध्ये बाद झाला तरी मैदानातच राहतो, फक्त गुण मोजतात. आम्ही भावंडं भांडलो की ते विचारायचे, 'हे संजीवनी भांडण आहे का गामिनी?' तेव्हा हसायला यायचं.

धाकटे मामा अकोल्याच्या एका संघाचे चढाईपटू. उंची बेताची, पण पाय असा की मांजरासारखा. दम घालताना आवाज शेवटपर्यंत एका पट्टीत. माझ्या लहानपणीचे हीरो दोन, एक कपिल देव आणि दुसरे धाकटे मामा. त्यातले मामा जवळून पाहायला मिळायचे.

तर फेब्रुवारी 1986. मूर्तिजापूरजवळच्या एका गावात खुले सामने होते. नाव लिहीत नाही, गावकऱ्यांचा दोष नव्हता. शेतातली गव्हाची पाटी मोडून मैदान केलेलं, चुन्याच्या रेघा, चार कोपऱ्यांना बल्ल्या आणि त्यावर ट्यूबलाइटी. थंडी अशी की लोक घोंगड्या पांघरून बसलेले. मी बाबांबरोबर बडनेऱ्याहून पॅसेंजरने गेलो होतो. वय तेरा.

फायनल अकोला आणि अमरावती. ठरलेला पंच आलाच नाही. मग आयोजकांनी बाबांना उभं केलं, आणि गंमत म्हणजे दोन्ही संघ लगेच तयार झाले. अकोलेकरांना वाटलं आपला जवाई, अमरावतीकरांना वाटलं आपला मास्तर. बाबांनी हो म्हणायला नको होतं, असं आई पुढे कितीतरी वर्षं म्हणत होती. मला मात्र वाटतं, त्या माणसाला शिट्टी हातात दिली की नाही म्हणणं जमतच नसे.

सामना काय होता हो! मध्यंतराला अकोल्यावर लोण चढलेलं, दुसऱ्या डावात मामांनी एकेक करून ते फेडत आणलं. शेवटच्या मिनिटाला अमरावती एका गुणाने पुढे. शेवटची चढाई मामांची.

आता इथे नियम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा असतो, त्याला राखीव क्षेत्र म्हणतात. चढाई करणाऱ्याने विरोधी गड्याला शिवलं, झटापट सुरू झाली, की तो पट्टा मैदानात धरतात. कुणालाही न शिवता नुसताच पाय त्यात पडला, तर चढाईवाला बाद. म्हणजे सगळं अवलंबून कशावर, तर आधी स्पर्श झाला का नाही यावर.

मामा डाव्या कोपऱ्यात घुसले. कोपऱ्यावरच्या गड्याने घोट्याला हात घातला, मामा खाली वाकले, त्याच्या पायाकडे हात मारला, तोल गेला, पाय राखीव क्षेत्रात, तिथून उसळी मारून मध्यरेषा. हात वर! सामना बरोबरीत! अकोल्याच्या बाजूने टोप्या उडाल्या.

आणि बाबांची शिट्टी. चढाईवाला बाद. स्पर्श झालाच नाही.

पुढचं जे झालं ते मी घोंगडीतून पाहिलं. पहिल्यांदा नुसता गलका. मग कुणीतरी बाबांची कॉलर धरली. मग त्याची कॉलर अमरावतीच्या कुणीतरी धरली. 'तुह्या मायचा जवाई हाय म्हून काय...' असं एक वाक्य अर्धवट ऐकू आलं. बल्ली हलली, ट्यूब खाली आली, अर्ध्या मैदानात अंधार. अंधारात मारामारी करणाऱ्याला आपला कोण आणि परका कोण हे काय दिसणार? मामांच्या संघातल्या एकाने मामांनाच हाणलं, हे नक्की. बाबांचा चष्मा गेला. शेंगदाणे विकणाऱ्या एका पोराच्या भुवईवर काच लागली, रक्त डोळ्यात उतरलं आणि तो ओरडत राहिला. डोळा वाचला, असं दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या घरी ही गोष्ट शंभर वेळा सांगून झाली, पण हा पोरगा त्यात कधीच येत नाही. चष्मा येतो, टोप्या येतात, स्वतःच्याच गड्याकडून खाल्लेला मार येतो (त्यावर सगळे हसतात), पण तो नाही. माझ्याच वयाचा असेल.

मामा बाबांना एवढंच म्हणाले, 'भाऊजी, तुमी पाह्यलं नाही. तुमाले दिसलंच नाही.' बाबा म्हणाले, 'दिसलं तेच दिलं.'

बस. त्यानंतर सात वर्षं बोलणं बंद.

ऐकायला विनोदी वाटतं ना? एका गुणासाठी सात वर्षं! पण आईला विचारा. 1986 च्या भाऊबीजेला मामा आले नाहीत. आईने पाट मांडून ठेवला होता, संध्याकाळी उचलला. पुढच्या वर्षी ती एकटी अकोल्याला गेली आणि ओवाळून रात्रीच्या गाडीने परत आली, जेवायला थांबली नाही. बाबांनी तिला अडवलं नाही, सोबतही गेले नाहीत. तिसऱ्या वर्षीपासून तिने पाट मांडणं सोडलं.

मधल्या काळात 1991 साली जमशेदपूरची ती दुलीप करंडकाची फायनल झाली. जुन्या लोकांना आठवत असेल. जानेवारीचा शेवट, कीनन स्टेडियम, उत्तर विभाग विरुद्ध पश्चिम विभाग. पश्चिमेच्या रशीद पटेलने थेट स्टंप उपटला आणि रमण लांबाच्या अंगावर धावून गेला. लांबाने बॅट आडवी धरली. प्रेक्षकांतही दगडफेक झाली आणि खेळ तिथेच संपला. पटेलवर 13 महिन्यांची बंदी, लांबावर 10 महिन्यांची. आपला विदर्भ मध्य विभागात, म्हणजे त्या भांडणात आपलं कुणीच नाही, तरी राजकमल चौकात दोन पार्ट्या पडल्या होत्या. बाबा लांबाच्या बाजूचे. अकोल्याला मामा पटेलच्या बाजूचे. हे आम्हाला कसं कळलं? तर आई. आई म्हणजे दोन्हीकडची टपालपेटी. 'तो म्हणतो, पटेलला आधी डिवचलं असंल.' 'त्याला सांग, म्हणून काय स्टंप घेऊन धावायचं असतं?' दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण आईच्या तोंडून महिनाभर वाद घालत होते. मला तेव्हाच वाटलं होतं की हे दोघं जमशेदपूरबद्दल बोलतच नाहीयेत.

त्या सामन्यात उत्तरेने 700 च्या वर धावा केल्या होत्या. आज कुणाला विचारा, शतकं कुणी ठोकली? नाही सांगता येत. स्टंप मात्र सगळ्यांना आठवतो. 1996 चं बंगलोर घ्या. आमिर सोहेलने चौकार मारून प्रसादला बॅटीने सीमारेषा दाखवली आणि पुढच्याच चेंडूवर त्याची दांडी उडाली. भारताने किती धावांनी जिंकलं ते सांगा बरं पटकन. टोरांटोला 1997 मध्ये इंझमाम बॅट घेऊन प्रेक्षकांत चढला, तो तर लोकांना बटाट्यासकट पाठ आहे, पण मालिका कितीने कुणी जिंकली हे किती जणांना येतं? (4-1, आपण.)

पण रमण लांबाचं पुढे काय झालं हे आठवलं की माझं हसू थांबतं. फेब्रुवारी 1998, ढाका. हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करत होता, चेंडू डोक्याला लागला, तीन दिवसांनी गेला. 38 वर्षांचा होता. ती बातमी वाचून बाबा पेपर घडी करून बराच वेळ बसून राहिले होते.

तोवर मामा आणि बाबा बोलायला लागले होते. 1993 मध्ये माझ्या ताईचं लग्न ठरलं. मामाशिवाय भाचीचं लग्न कसं होणार? मामा आले, हातात आहेर, दारात उभे. बाबा म्हणाले, 'या साळेबुवा, चहा घेता का?' मामा म्हणाले, 'घेतो.' झालं. कुणी माफी मागितली नाही, कुणी विषय काढला नाही. पुढे तेवीस वर्षं दोघं एकमेकांकडे जात-येत राहिले, प्रो कबड्डी सुरू झाल्यावर 2014 पासून टीव्हीसमोर शेजारी बसून पाहिली, पण तो पॉइंट कधीच काढला नाही. टीव्हीवर एकदा नेमका तसाच प्रसंग आला. पंचांनी रिप्ले मागवला, पाच बाजूंनी दाखवला. दोघंही एकदम पाणी प्यायला उठले.

बाबा 2016 मध्ये गेले.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो आणि बेसबॉलचा वेडा आहे. त्याला मी ही गोष्ट फोनवर सांगितली, तर त्याने मला तिकडची सांगितली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स, 22 ऑगस्ट 1965. हे दोन्ही संघ आधी न्यूयॉर्क शहरातले, 1958 पासून कॅलिफोर्नियात, आणि भांडणही सामानाबरोबर घेऊन आलेले. डॉजर्सच्या जॉन रोझबरोने चेंडू परत फेकला तो जायंट्सच्या वान मारिशलच्या कानाजवळून गेला. मारिशल फलंदाजीला होता. त्याने हातातली बॅट रोझबरोच्या डोक्यात घातली. दोन्ही संघ मैदानात. पण पुढे दोघांची दोस्ती झाली. मारिशलला तिकडचा सर्वोच्च मान मिळायला वेळ लागत होता तेव्हा रोझबरोने त्याची बाजू घेतली, 1983 मध्ये तो मान मिळाला. आणि 2002 साली रोझबरो गेला तेव्हा मारिशल त्याच्या अंत्यविधीला होता.

भाचा म्हणाला, 'मामा, तुमच्या दोघांनी निदान बोलून तरी मिटवायचं होतं.' मी म्हटलं, बाबा रे, आपल्याकडे चहा घेता का म्हणणं हेच बोलणं असतं. पण खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं डोक्यातून गेलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये बडनेऱ्याला एका लग्नात पंगतीत माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले. साठी ओलांडलेली, एसटीतून रिटायर झालेले, डाव्या हाताचं एक बोट वाकडं. माझ्याकडे पाहत राहिले.

'मास्तराचा पोरगा नं तू?'

तो डावा कोपरा. मामांच्या घोट्याला हात घातलेला गडी. जिलबी वाढून झाली, वरण वाढून झालं, आणि मी विचारलंच. काका, त्या रात्री लागला होता का हात?

ते म्हणाले, 'लागला नं. अंगठ्याले. इत्तासा.'

'मग हात वर का नाही केला?'

'तुह्या बापानं शिट्टी मारली नं बे. मले वाटलं आता सांगतो, मंग सांगतो. तेवढ्यात तं ट्यूबच पडली. मंग कोणाले सांगतं?' आणि थोडं थांबून, 'मास्तराचा चष्मा मीच आनून देल्ला होता सकाळी. फुटका होता. तवाबी सांगतो म्हटलं होतं.'

मी तेव्हापासून विचार करतोय. बाबा मध्यरेषेजवळ उजव्या बाजूला उभे होते, हे मला पक्कं आठवतं, कारण मी त्यांच्याच मागे बसलो होतो. मध्ये तीन गडी आडवे. तिथून पट्ट्यात पडलेला पाय दिसतो. वाकलेल्या माणसाची बोटं आणि दुसऱ्याच्या पायाचा अंगठा दिसणं शक्य नाही. 'दिसलं तेच दिलं' हे बाबांचं खरं होतं. 'तुमाले दिसलंच नाही' हे मामांचंही खरं होतं. पुढे अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाकडून एकत्र खेळले, पंजाबच्या आयपीएल संघातही एकत्र होते, आणि आमची पोरं दोघांसाठी एकाच सोफ्यावरून ओरडतात. मामाही ओरडतात. पण पाहुणा आला की अजून ती रात्र सांगतात, आणि दर वेळी शेवटी म्हणतात, 'लागला होता. देवाची आन.' मग माझ्याकडे बघतात. मी मास्तराचा मुलगा, मी काय बोलणार? आजवर नुसताच हसत आलोय.

आई गेल्या महिन्यात 79 ची झाली. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, 'मंग सांगून दे त्याले. मी सांगत नाही आता, टपाल बंद झालं माह्यं.'

तर अकोल्याच्या मंडळींनो, तुमच्यातला कुणीतरी हे मामांना वाचून दाखवेलच, म्हणून लिहितो. मामा, लागला होता. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. त्याने स्वतः सांगितलं.

(जेवणानंतर वाचा रे, बीपीची गोळी झाल्यावर.)