उशाजवळचं पुस्तक

माझ्या वडिलांना, अण्णांना, पहाटे चारच्या आधीच जाग येते. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपानं जमीन हलली. त्या पहाटेपासूनची ही सवय. आमच्या सास्तूर गावात त्यांच्या वयाच्या माणसांना तिचं कारण सांगावं लागत नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, सगळं एकदमच खाली आलं होतं. देवळीतल्या पोथ्या आणि पुस्तकंही त्यातच गेली. नव्या घराच्या भिंतींना देवळ्याच नाहीत.

जाग आली की झोप परत येत नाही, म्हणून ते वाचतात. पण खोलीत दिवा लावला की आईची झोपमोड होते. यावर्षी त्यांच्यासाठी ई-रीडर घ्यायचं ठरवलं, तेव्हा हीच वेळ मी आधी डोळ्यांपुढे ठेवली.

माझं स्वतःचं यंत्र सहा इंची. उमरग्याच्या एसटीत एका हातात दांडी धरून दुसऱ्या हातात ते मावतं. त्याच्या पडद्याआड काळ्या-पांढऱ्या कणांनी भरलेल्या बारीक कुप्या असतात. विजेच्या इशाऱ्यावर कण वरखाली होतात, अक्षर उमटतं आणि मग वीज न खाता तिथंच थांबतं. म्हणून शेतावर भर उन्हातही ते कागदासारखं दिसतं आणि वीज गेली तरी कित्येक दिवस अडत नाही. मला हे पुरतं. अण्णांना पुरणार नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

ते वाचतात जुनी पुस्तकं, पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफमधली. तिथं अक्षर वाढवलं की ओळ पडद्याबाहेर पळते. नव्या ई-पुस्तकात शब्द आपोआप खाली सरकतात, फोटोतल्या पानात मात्र ते जागचे हलत नाहीत. मग मी पट्टी घेऊन बसलो. आपल्या नेहमीच्या डेमी पुस्तकाचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच. त्याचा कर्ण भरतो दहा इंच. म्हणजे दहा इंची पडद्यावर छापलेलं पान जवळजवळ आहे त्या मापात दिसणार! वजन जास्त, पण अण्णा मांडी घालून, समोर चौरंग घेऊन वाचतात. त्यांना हातात धरायचंच नाही.

दुकानाचंही पाहावं लागलं. किंडलवर 2016 पासून मराठी पुस्तकं मिळतात, पण बुकगंगावर घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं. आपली पुस्तकं कुठून येतात हे न पाहता यंत्र घेणं मला चुकीचं वाटतं. म्हणून ॲप चालणारं घेतलं, आणि उजेड पिवळसर करता येणारं. हा उजेड कडेनं पानावर पसरतो, डोळ्यात घुसत नाही.

अण्णांनी एवढंच विचारलं, "अक्षर मोठं दिसंल का रे?"

"दिसेल, अण्णा. आणि आईला उजेड लागणार नाही."

गेल्या तीस वर्षांत त्यांच्या उशाशी बॅटरी आणि चपला कधी हलल्या नाहीत. आता त्या दोन्हींच्या मधोमध, पालथं घातलेलं, ते पुस्तक असतं.