दोन सरोवरें

सरोवर म्हटलें म्हणजे तें बारमास भरलेलें असावें, अशी आपली समजूत असते. आम्हां वऱ्हाडकरांस तर आटलेलें तळें पाहिलें कीं दुष्काळच आठवतो. परंतु युरोपांतील स्लोव्हेनिया देशांत सर्कनित्सा नांवाचें एक सरोवर आहे. भरणें आणि आटणें हाच त्याचा धर्म. तेथील भूमि चुनखडकाची. पावसाचें पाणी तो खडक हळूहळू विरघळवितें व भूमीच्या पोटांत विवरें पडतात. पाऊस फार झाला कीं त्या विवरांतून पाणी वर येतें. कोरडे दिवस आले कीं विवरांवाटेंच उतरून जातें. जेथें मासे धरावे, तेथेंच पुढें गवत कापावें, असा तेथील लोकांचा क्रम. वाल्वासोर नामक विद्वानानें या सरोवराचा अभ्यास केला; १६८७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास सभासद करून घेतलें.

आमचें लोणार याच्या अगदीं उलट. काळ्या बेसॉल्ट खडकांत उल्कापातानें पडलेली ही मैलाहून अधिक रुंदीची वाटी. पाण्यास बाहेर वाहून जाण्यास ओढा नाहीं. सूर्य पाणी नेतो आणि क्षार मागें राहतात. लवणासुराची कथा येथें उगीच सांगत नाहींत!

माझ्या नातवानें एकदां विचारलें, "आजोबा, जें पाणी पितां येत नाहीं, त्याचा उपयोग काय?" मीं म्हटलें, "बाळ, उपयोग कोणाला, हें आधीं विचार." त्या खाऱ्या पाण्यांत हिरवट शेवाळ माजतें, सूक्ष्म जीव वाढतात, कांठच्या गोड्या झऱ्यांवर झाडी पोसते. हिवाळ्यांत तेथें चक्रवाकही येतात. आपल्या कवींनीं ज्यांचा विरह गाइला, तेच हे पक्षी. जून २०२० मध्यें पाणी घटून क्षार वाढले, तेव्हां लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळें अवघें सरोवर गुलाबी झालें. त्याच वर्षीं त्यास रामसर पाणथळांच्या यादींत स्थान मिळालें.

मानाबरोबर जबाबदारीही येते. सर्कनित्साचीं विवरें बुजविलीं तर तें सरोवर राहणार नाहीं. तसेंच लोणारांत सांडपाणी वा गोडें पाणी बेसुमार शिरलें, तर त्याचा खारेपणा जाईल व त्यावर जगणारे जीवही जातील. पाणी भरलेलें दिसेल, पण लोणार उरणार नाहीं. तेव्हां मुलांस घेऊन तेथें जाल, तर कांठीं कांहीं टाकूं नये, एवढें घरांतील वडील माणसांनीं अवश्य सांगावें.