सतलजच्या काठी

फिरोजपुराहून निघालेली सडक गव्हाच्या शेतांमधून हुसैनीवालाच्या बंधाऱ्यापाशी पोहोचते, तेव्हा पुणे जिल्ह्यातून आलेल्या माणसाची पावले प्रथम समाधीकडेच वळतात; कारण २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी देऊन सरकारने ज्या तिघांचे देह रात्रीच्या अंधारात या काठावर आणून घाईघाईने अग्नीच्या स्वाधीन केले, त्यांतील शिवराम हरी राजगुरू आमच्या भीमाकाठच्या खेडचे.

सोळा वर्षांनी स्वातंत्र्य आले आणि ही जागाच देशाबाहेर गेली. त्यापूर्वी हिंदुस्थान कधी न पाहिलेले सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी या देशात उतरले, आणि जिल्ह्यांच्या व तहसिलींच्या दप्तरी हद्दी पुढे ठेवून त्यांनी पंजाबची जी वाटणी केली, तिचा निवाडा स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाला. या भागात सीमा सतलजच्या प्रवाहाने नव्हे, तर जिल्ह्याच्या हद्दीने ठरेल, असा दंडक त्यात होता. त्या हद्दीने बंधारा भारताला दिला, त्यातून निघणाऱ्या दिपालपूर कालव्याची शेते पाकिस्तानला दिली, आणि समाधीची भूमीही पलीकडे टाकली. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाब सरकारने त्या कालव्याचे पाणी बंद केले, तेव्हा सुरू झालेला तंटा जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९६० साली करारापर्यंत आला. परंतु दोन्ही देशांच्या मनांतून तो गेला नाही. पुढे १९६१ साली सुलेमानकी बंधाऱ्याजवळची बारा गावे देऊन भारताने ही समाधीभूमी परत मिळविली. तीन चितांच्या राखेचा मोबदला बारा गावांनी चुकता करावा लागावा, हा हिशेब कोणत्या खतावणीत मांडावा?

दिवस कलताना दोन्ही बाजूंच्या सैनिकांचे ध्वजसंचलन पाहण्यासाठी गर्दी लोटली. मी मात्र बांधावर बसलेल्या एका वृद्ध सरदारजींशी बोलत राहिलो. त्यांची जमीन तारेच्या कुंपणापलीकडे, तरीही भारतातच. कारण कुंपण प्रत्यक्ष सीमेच्या अलीकडे घातलेले. नांगरायला जायचे तर ओळखपत्र दाखवायचे, आणि फाटक मिटण्यापूर्वी परतायचे. "पीक उंच वाढणारे घेता येत नाही, पहाऱ्याला आड येते," ते म्हणाले, आणि माझे गाव विचारले. खेड म्हणताच त्यांनी समाधीच्या दिशेने हात जोडले, मग घड्याळाकडे पाहिले आणि लगबगीने उठले. मुलगा अजून कुंपणापलीकडे होता.