बिनदुधाची बरणी

भाची लेस्टरहून आली, ती बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेली काचेची बरणी घेऊन. आत केशरी, दाटसर काहीतरी. वर लिहिलेलं 'टिक्का मसाला', खाली हिरव्या अक्षरांत 'व्हेगन'. दोन वर्षांपूर्वी तिनं दूध, दही, तूप सोडलं. धाड गावी मामाच्या घरी आपली पंचाईत होईल आणि आजीची त्याहून जास्त, म्हणून ही शिदोरी.

माय बरणी उजेडात धरून फिरवत राहिली. "काय काय हाय वं याच्यात?"

भाची वाचत गेली. टोमॅटो, कांदा, नारळाचं दूध, सूर्यफुलाचं तेल, साखर, मक्याचा स्टार्च, मीठ... मिरची शेवटून दुसरी. जिनसा वजनाच्या उतरत्या क्रमानं छापाव्या लागतात, हेही तिनंच सांगितलं. म्हणजे मिरची मिठाच्याही खाली! आमच्या शेजारच्या भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईला, हिरव्या मिरचीचा केवढा बाजार भरतो. ट्रकच्या ट्रक बाहेर जातात. त्यातली एखादी तरी या बरणीपर्यंत पोचायला हवी होती.

'व्हेगन' हा शब्द १९४४ सालचा. डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी 'व्हेजिटेरियन'ची पहिली तीन आणि शेवटची दोन इंग्रजी अक्षरं जोडून तो केला, आणि त्यांचं पहिलं वार्तापत्र लेस्टरमधूनच निघालं. आपल्याकडच्या पुडक्यांवरच्या हिरव्या ठिपक्याला दूध-तूप चालतं. म्हणून २०२२च्या नियमांनी पानाचा हिरवा 'व्ही' वेगळा काढावा लागला. टिक्का मसाला तर निम्मा विलायतीच. २००१ साली तिथले परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं होतं. त्यात साय असते, म्हणून साय काढली की तसं बरणीवर छापावं लागतं. आमच्या रश्शात ती कधी नव्हतीच, छापणार काय?

आणि नव्हती ती काही तत्त्वासाठी नाही. लहानपणी घरचं दूध सकाळीच डेअरीला जायचं, चहापुरतं मागं राहायचं. तूप पुरणाच्या दिवशी. रोजच्या रश्शाला दाटपणा यायचा तो शेंगदाण्यातून, तिळातून, चुलीत काळे पडेपर्यंत भाजलेल्या कांद्या-खोबऱ्यातून. पाट्यावर वाटण व्हायचं तेव्हा माझ्याकडं काम एकच, पाण्याचे हबके मारायचे. पाणी जास्त झालं की पाठीत धपाटा.

शिवाय येसर. बाजरी, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं भाजून दळलेलं पीठ. डब्यात महिनोन् महिने टिकतं. पाहुणे अवचित आले की पाण्यात कालवून फोडणीला टाकायचं, उकळी आली की आमटी तयार. आमच्याकडं ते भोकरदनकडच्या मावशीकडून यायचं. धाड वऱ्हाडात, तर मावशीचं गाव मराठवाड्यात. १९५६पर्यंत तर तिकडं हैदराबाद राज्य होतं आणि इकडं मध्य प्रदेश. सरहद्द नकाशावर. मायच्या फळीवर येसरचा डबा पातोड्यांच्या बेसनाला खेटून असायचा.

तर बरणी. झाकण हलेना. मी फडकं घेऊन पिळलं, भाचीनं गरम पाण्याखाली धरलं, शेवटी मायनं बुडाला एक थाप दिली आणि ते टक् करून उघडलं. वास वाईट नव्हता. हॉटेलाच्या मागच्या दारातून येतो, तसा. कढईत वांगी परतून वर ते ओतलं. रंग सुरेख आला, तर्री मात्र एक थेंब नाही. रस्सा कसा गुळगुळीत, दाताखाली काही येईल तर शपथ. भाचीनं पहिला घास मोठ्या आशेनं आमच्याकडं बघत घेतला.

"गोळ लागते," माय म्हणाली. मग जरा वेळानं, "वाईट नाही. पण गोळ."

उठली. डब्यातलं मूठभर येसर, चमचाभर तिखट, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून तेलात. चर्र आवाज झाला आणि तिघंही खोकलो. विलायती रश्शावर लाल कडा दिसू लागल्या. भाचीनं दोन भाकरी खाल्ल्या, नाक पुसत. या फोडणीतही दुधाचा टिपूस नव्हता, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती हसायला लागली. "आजी, तू तर आधीपासूनच व्हेगन!"

"मी कावून असू?" माय म्हणाली. "मले ताक लागते."

बरणीत निम्मा सॉस उरला. 'उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा' असं बरणीवर बजावलेलं. सकाळी मी चहाला उठलो तर माय ओट्याशी पाठमोरी बसलेली. ताटलीत शिळी भाकर कुस्करलेली आणि वर ते केशरी, थंडच.

"काल गोड म्हणालीस ना?"

"टाकून देता का मंग?" म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.