जखम आणि साल

सुखाचे दिवस कसे काढावेत, हे कोणाला शिकवावे लागत नाही. दुःखाचे दिवस मात्र कसे काढावेत, हे शिकावे लागते. मी शिक्षक, पण हा धडा मला माझ्या विद्यार्थ्यांबरोबर बसूनच शिकावा लागला.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी गणपतीचे विसर्जन करून गावे निजली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील भूमी हादरली. किल्लारी, सास्तूर यांसारखी गावे पाहता पाहता मातीस मिळाली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

मी त्या वेळी त्याच भागात शिकवीत होतो. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये आमची शाळा भरू लागली. पण मुले आत पाऊल टाकीनात. डोक्यावर छप्पर आले, की त्यांच्या अंगावर काटा उभा राही. मग आम्ही शेजारच्या कडुनिंबाखाली बसू लागलो.

पहिल्याच दिवशी हजेरीपट हाती घेतला आणि माझा हात थबकला. गेलेल्या मुलांची नावे गाळावीत, तर जणू ती मुले कधी नव्हतीच! आणि उच्चारावीत, तर जखमेवरची खपली निघणार. अखेर मी सगळी नावे वाचली. उत्तर आले नाही, तेथे क्षणभर थांबलो. तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, ती माझ्याजवळ बसायची. तिचं अक्षर फार सुरेख होतं." मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. त्या दिवशी पुस्तक उघडलेच नाही. आम्ही सारे रडलो, मीही रडलो. पण इतके दिवस मुकी झालेली मुले बोलती झाली. सांगितल्याने दुःख नाहीसे होत नाही. परंतु दहाजणांनी खांदा दिला, की ते उचलता येते.

भीतीवर मात्र निराळा उपाय करावा लागला. पुढेही लहान लहान धक्के बसतच होते. कोणी म्हणे, हा देवीचा कोप आहे. तेव्हा आम्ही एका फळीवर दोन इवलीशी घरे रचली. एकाच्या भिंती मातीत बसविलेल्या दगडांच्या, वर मातीचा जाड थर. आमच्याकडची जुनी घरे अशीच असत. दुसऱ्याचे छप्पर हलके, आणि चारी भिंतींना एकत्र आवळून धरणारा पट्टा. फळी हलविताच पहिले घर कोसळले, दुसरे उभे राहिले. एका मुलाने विचारले, "म्हणजे गुरुजी, घर नीट बांधलं, तर माणूस वाचतो?" त्या प्रश्नात कितीतरी दिवसांनी मला आशेचा सूर ऐकू आला. ज्याचे कारण कळते, त्याची भीती निम्मी होते.

बाकीचे काम रोजच्या कामानेच केले. वेळेवर घंटा, प्रार्थना, पाढे, झाडांना पाणी. उद्याही घंटा होणार आहे, एवढ्या खात्रीनेही मनाला आधार मिळतो. काही आठवड्यांनी एका सकाळी पाहतो, तो तोच मुलगा शेडमध्ये आपले दप्तर मांडून बसला होता. मी काही बोललो नाही. हळूहळू बाकीची मुलेही त्याच्याजवळ जाऊन बसली.

त्या कडुनिंबाची एक फांदी कोणी तरी तोडली होती. तुटलेले लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड त्या जागेच्या कडेने नवी साल वाढविते आणि वर्षानुवर्षे ती जखम आपल्या पोटात सामावून घेते. माणसाचेही तसेच आहे. गेलेली माणसे परत येत नाहीत आणि त्यांना विसरायचेही नसते. त्यांच्या आठवणींभोवती आपण वाढावयाचे असते. मुलांनो, तुमच्या एखाद्या सोबत्यावर असा दिवस आला, तर त्याला मोठमोठा उपदेश करू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि तो बोलू लागला, की ऐका.