सीट का हलेना!

पॉवर सीट चालू असते तोवर तिच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. बटण दाबलं, सीट सरकली, विषय संपला. बंद पडली की मग लक्षात येतं, जुन्या गाड्यांमध्ये सीटखाली तो एक लोखंडी दांडा असायचा ना, तो ओढून सीट ढकलायची सोय इथे नाहीये. सीट जिथे थांबली तिथे थांबली. आणि थांबते ती नेमकी चुकीच्या जागी.

आमच्याकडे माझी उंची सहा फूट एक इंच आणि बायकोची जेमतेम पाच फूट. गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रात्री आमच्या नऊ वर्षं जुन्या सेडानची ड्रायव्हर सीट पार मागे असतानाच रुसून बसली. बायकोने बसून पाहिलं. पाय क्लचवर टेकत होता, पण क्लच पूर्ण दाबला जात नव्हता. उशी वगैरे लावून गाडी चालवायचा प्रकार आम्ही दोघांनी एकमताने फेटाळला.

एरवी म्हटलं असतं, राहू दे आठ दिवस. पण सासऱ्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यांना चिंचवडहून नेणं-आणणं बायकोच करते. जाताना ठीक असतं, पण येताना ते अगदी गळून गेलेले असतात, शेजारची सीट मागे टाकून झोपवून आणावं लागतं. भर पावसात कॅब मिळेल का, मिळालेली कॅन्सल होईल का, या भरवशावर ते काम सोडता येत नाही. म्हणजे हातात होते शनिवार, रविवार, सोमवार.

शनिवारी सकाळी गॅरेज गाठलं. मेकॅनिकने फ्यूज काढून पाहिला, ठणठणीत. सीटखाली वाकून प्लगमध्ये मीटर लावला, बारा व्होल्ट. अर्थ चेक केला, मीटर बीप वाजला. दहा मिनिटांत निकाल. "साहेब, करंट येतोय, अर्थ पण आहे. म्हणजे स्विच गेला, नाहीतर मोटर. दोन्ही बदलून टाकू. पार्ट यायला आठ-दहा दिवस, खर्च बत्तीस हजाराच्या आसपास."

ते "नाहीतर" मला खटकलं. बत्तीस हजार "नाहीतर"वर घालवायचे? म्हटलं, उद्या कळवतो.

आता थोडं तांत्रिक, पण कंटाळवाणं नाही, शप्पथ. सीटमध्ये साध्या डीसी मोटर असतात. सीट पुढे-मागे करायला एक, पाठ कलती करायला एक, उंचीसाठी एक किंवा दोन. मेमरीवाली सीट असेल तर मध्ये एक कंट्रोल मॉड्यूल येतो, पण आमच्या सीटला मेमरी नाही. तिचा स्विच मजेशीर असतो. काही दाबलेलं नसताना मोटरच्या दोन्ही वायर अर्थला जोडलेल्या असतात. पुढे दाबलं की एक वायर बॅटरीच्या प्लसला जाते, मागे दाबलं की दुसरी. करंटची दिशा उलटली की मोटर उलटी फिरते. बस्स, एवढंच. या सगळ्या मोटरना करंट आणणारी वायर एक आणि करंट परत नेणारी अर्थची वायरही एकच.

यावरून पहिला प्रश्न ठरतो. एकच हालचाल बंद आहे की सगळ्या? एकच बंद असेल तर ती मोटर, तिच्या वायर किंवा स्विचचा तेवढाच भाग बघायचा. सगळ्या बंद असतील तर सगळ्यांमध्ये जे सामाईक आहे ते बघायचं. आमच्याकडे सीट पुढे-मागे होत नव्हती, उंची बदलत नव्हती, पण पाठ मात्र मुंगीच्या पावलाने हलत होती. चार मोटर एकाच रात्री मेल्या हे मला तरी पटेना. आणि फ्यूज अर्धवट कधी जात नाही. तो असतो किंवा नसतो. मुंगीची चाल म्हणजे करंट पोचतोय, पण पुरेसा नाही.

दुसरी युक्ती फुकटातली. अंधारात गाडीच्या छताचा दिवा लावायचा आणि सीटचं बटण दाबायचं. दिवा चांगलाच मंदावला तर मोटर भरपूर करंट ओढतेय पण अडकलीय. रूळात नाणं, पेन, मुलांचं खेळणं काहीही असू शकतं. दिवा ढिम्म राहिला तर करंट वाटेतच अडतोय. आमचा दिवा ढिम्म.

मीटर हातात घेण्याआधी एक अगदी महत्त्वाची गोष्ट. सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावायचा नाही. तो एअरबॅगचा. त्यात मीटरची टोकं तर मुळीच घालायची नाहीत, ओहमवर ठेवलेला मीटर स्वतःचा करंट सोडतो. बाकी काही सोडवायचं असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबायचं. मोजमापासाठी मला काही सोडवायचं नव्हतंच. कारण मला मोजायचं होतं ते सगळं जोडलेलं असताना, बटण दाबून धरून.

गोम सगळी इथेच आहे. आपल्या सोसायटीतला नळ आठवा. पाइपात गाळ साचलाय. नळ बंद असताना प्रेशर मोजलं तर एकदम झकास येईल, कारण पाणी वाहतच नाहीये. नळ उघडला की करंगळीएवढी धार. विजेचंही तसंच. ओहमने १८२७ साली छापलेलं ते सूत्र आपण सगळ्यांनी दहावीत घोकलंय, व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. करंट शून्य असेल तर खराब जोडावर पडणारं व्होल्टेजही शून्य, म्हणजे मीटर पूर्ण बारा दाखवणार. आणि तो बीप? साध्या मीटरचा बझर बहुधा वीस-तीस ओहमपर्यंतही वाजतो. वाटेत फक्त ३ ओहम असले आणि ३ अँपिअर वाहिले तरी ९ व्होल्ट तिथेच खर्च. मोटरला उरतात तीन. गॅरेजमधला मेकॅनिक खोटं बोलत नव्हता. त्याने नळ न उघडता प्रेशर मोजलं होतं.

रविवारी सकाळी बायकोला बटण दाबून धरायला बसवलं आणि मी सीटसमोर आडवा. (सीट पार मागे असल्याने पुढे जागा बक्कळ होती. पण त्याच कारणाने मागचे बोल्ट झाकले गेले होते, म्हणजे सीट काढणं तसंही शक्य नव्हतं.) कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक पिना सरकवल्या. बटण सोडलेलं, १२.४ व्होल्ट. बटण दाबलेलं, ३.२.

आता उरलेले कुठे गेले? लांब वायर घेऊन बॅटरीच्या प्लसपासून सीटच्या प्लसपर्यंत मोजलं, ०.३. सीटच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं, ८.९. तिन्हींची बेरीज करा, १२.४. किरखॉफने १८४५ मध्ये मांडलेला नियम आमच्या पार्किंगमध्ये दशांशापर्यंत जुळला! चोर अर्थमध्ये होता.

खात्री म्हणून सीटच्या अर्थपासून गाडीच्या उघड्या बोल्टला एक तात्पुरती वायर लावली. "दाब." सीट सुर्रकन पुढे आली, बायको स्टिअरिंगपाशी. "अरे, थांब थांब!" असं ओरडत ती हसत सुटली.

मूळ जागा शोधायला मग सोपी गेली. वायरिंग डायग्रॅममध्ये प्रत्येक अर्थ पॉइंटची जागा दिलेली असते. आमचा निघाला दाराच्या उंबऱ्याजवळ, कार्पेटखाली. पावसाळ्यात ओले बूट, निथळत्या छत्र्या, सगळं पाणी तिथेच मुरतं. बॅटरी काढून, थांबून, पट्टी आणि कार्पेट उचललं तर बोल्टखालचा टर्मिनल हिरवागार झालेला. पॉलिश पेपरने घासला, पत्र्याची जागाही घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. कार्पेट दोन तास वाळवलं. नंतर बटण दाबून पुन्हा मोजलं, अर्थमध्ये ०.१ व्होल्ट. खर्च चाळीस रुपये, त्यातही पॉलिश पेपर उरला. मंगळवारी सासरेबुवा नेहमीच्या वेळेला डायलिसिसला पोचले.

आपल्या धंद्यात हे रोजचं आहे. सर्व्हरला कुणी विचारत नसताना तो तब्येतीने उत्तम असतो. दहा हजार युजर आले की खरं काय ते कळतं. तरी आपण रिकाम्या सर्व्हरचा हिरवा दिवा बघून "इकडे सगळं ओके आहे, प्रॉब्लेम तिकडेच असणार" असं बिनधास्त लिहून मोकळे होतो, आणि पुढचा माणूस चांगला भाग बदलत बसतो.

तेव्हा तुमच्या गाडीची सीट, काच, वायपर, काहीही असं अर्धवट रुसलं आणि कुणी म्हणालं की करंट येतोय, पार्ट गेलाय, तर पैसे काढायच्या आधी शांतपणे एवढंच विचारा, "बटण दाबून धरून मोजलंत का?"